बीथोव्हेनची पाचवी आणि चार कंडक्टर: रेकॉर्डिंगची तुलना करायला कशी सुरुवात करायची

वेस्टर्न क्लासिकल नव्याने ऐकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, की अमुक सिम्फनीचं (म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेचं) बेस्ट रेकॉर्डिंग कुठलं? माझं स्पष्ट मत असं आहे की सुरुवातीला हा प्रश्न बाजूला ठेवा. बेस्टच्या याद्या वाचून आपण फक्त दुसऱ्याचं मत पाठ करतो. त्याऐवजी त्याच सिम्फनीतल्या चार-पाच ठरावीक जागा पकडा आणि त्या जागी प्रत्येक कंडक्टरने, म्हणजे ऑर्केस्ट्राला दिशा देणाऱ्याने, काय केलंय ते ऐका. मग "हे जास्त दमदार वाटतं बुवा" याच्या पुढे जाऊन तुम्हाला नेमकं बोट ठेवून सांगता येतं की इथे यानं थांबा लांबवला, तिथे त्यानं बसून (bassoon, खालच्या सुराचं लाकडी फुंकवाद्य) या वाद्याच्या जागी हॉर्न (पितळी फुंकवाद्य) घेतले, आणि एकदा ते ऐकू यायला लागलं की मग मजा सुरू होते.

आपल्याकडे एकच बंदिश दोन गायकांकडून ऐकायची सवय असते, तो कान इथे कामाला येतो, पण एक फरक आधीच लक्षात ठेवा. बंदिशीत गायक नवीन रचत जातो, इथे मात्र प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला असतो. म्हणजे कंडक्टरच्या हातात उरतं काय? लय किती, थांबा किती, कुठलं वाद्य पुढे आणि कुठलं मागे, आवाज कधी वाढवायचा, वादकांना कुठे बसवायचं, लिहिलेली पुनरावृत्ती घ्यायची की सोडायची. वाचायला हे थोडंसं वाटतं पण त्यात एवढा फरक पडतो की कधीकधी तीच सिम्फनी आहे यावर विश्वास बसत नाही.

आधी सिम्फनी ठरवा, आणि एकच

मी बीथोव्हेनची पाचवी सुचवतो. तिची सुरुवात सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते, साधारण अर्ध्या-पाऊण तासात संपते, आणि रेकॉर्डिंगचा जवळजवळ पूर्ण इतिहास तिच्यात सापडतो. आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ती १९१३ मध्ये रेकॉर्ड केली, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच, वादक एका मोठ्या भोंग्यासमोर दाटीवाटीने बसून वाजवायचे. तेव्हापासून आजपर्यंत जवळपास प्रत्येक मोठ्या कंडक्टरने ती केलीय, काहींनी तीन-तीन चार-चार वेळा.

सिम्फनी पहिल्यांदा वाजली २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात, ते पण साधारण चार तासांच्या कार्यक्रमात, सहावी सिम्फनी आणि चौथा पियानो कॉन्चेर्टो पण त्याच दिवशी. थंडी कडाक्याची आणि तालीम अपुरी. एवढं माहीत असलं तरी सुरुवातीला पुरे.

तुलना करायच्या आधी कुठलंही एक रेकॉर्डिंग घेऊन तेच दोन-चार दिवस पूर्ण ऐका, सगळ्या चारही मूव्हमेंट, म्हणजे सिम्फनीचे चार भाग. घाई करू नका. जे अजून डोक्यात बसलेलंच नाही त्यातला बदल कसा कळणार?

कुठली चार रेकॉर्डिंग घ्यायची

निवड करताना चांगली-वाईट हा निकष नको, एकमेकांपासून लांब असलेली घ्या. दोन सारखी घेतली तर नवख्या कानाला काहीच कळत नाही आणि मग वाटतं की आपल्याला संगीत कळत नाही, तसं काही नसतं, निवड चुकलेली असते. माझी चार अशी:

कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४ चं रेकॉर्डिंग, डॉइश ग्रामोफोन कंपनीचं. कुणालाही विचारा, हे नाव येणारच. लय पुढे रेटणारी पण घाईची नाही, आणि प्रत्येक आवाज ताणलेल्या तारेसारखा.

व्हिल्हेल्म फुर्टव्हेंगलर, बर्लिन फिलहार्मोनिक, मे १९४७, लाइव्ह. युद्धानंतर त्यांच्यावर नात्सी काळाबद्दल चौकशी चालली, ती संपल्यावर ते पहिल्यांदा आपल्या ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिले तेव्हाचे हे कार्यक्रम. आवाज जुना, मोनो (डावं-उजवं वेगळं नसलेला), लोकांचं खोकणंही ऐकू येतं. लय एका जागी राहत नाही, प्रसंगानुसार मागेपुढे होते.

ऑटो क्लेम्पेरर, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, लंडन, १९५९ चं स्टिरिओ. संथ, जड, दगडी बांधकामासारखं ठाम. पहिल्यांदा ऐकताना हे फारच हळू आहे असं वाटू शकतं, तरी सोडू नका.

जॉन एलियट गार्डिनर, त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा रेव्होल्युशनेअर ए रोमँटिक, १९९४ साली आलेल्या नऊ सिम्फनींच्या सेटमधलं. इथे वाद्यं बीथोव्हेनच्या काळातल्या पद्धतीची आहेत, व्हायोलिनला आतड्याच्या तारा, हॉर्न आणि ट्रम्पेटला व्हॉल्व्ह (स्वर बदलायच्या कळा) नाहीत, टिंपनीवर (मोठ्या नगाऱ्यांवर) खरं कातडं आणि कडक काठ्या. सूरही थोडा खालचा लावलेला असतो, म्हणून क्लायबरनंतर लगेच लावलं तर सगळंच जरा उतरल्यासारखं वाटेल, ते तुमच्या स्पीकरचं बिघडणं नाही.

नंतर भूक वाढली तर कारायान यांचं १९६२ चं बर्लिनचं आणि टोस्कानिनी यांचं १९५२ चं एनबीसी ऑर्केस्ट्राचं घ्या. आणि एक खास जोडी आहे, कार्लोसचे वडील एरिक क्लायबर यांनी ॲमस्टरडॅमच्या कॉन्सेर्टगेबाऊ ऑर्केस्ट्राबरोबर १९५३ मध्ये हीच सिम्फनी केली होती. बाप आणि मुलगा पाठोपाठ ऐका, मला तर ते ऐकताना मुलाने काय उचललं आणि काय स्वतःचं घातलं हे शोधायचा छंदच लागलाय.

सर्च करताना साल आणि ऑर्केस्ट्राचं नाव टाकायला विसरू नका. नुसतं "कारायान बीथोव्हेन पाच" टाकलं तर पन्नासच्या दशकातलं लंडनचं फिलहार्मोनियाबरोबरचं येईल, बासष्टचं येईल, सत्तरच्या दशकातलं येईल, ऐंशीच्या दशकातलं डिजिटल येईल, आणि चारही वेगळी आहेत. क्लेम्पेररचं पण तसंच, १९५५ चं मोनो आणि १९५९ चं स्टिरिओ. व्हिडिओच्या साइटवर कुणीतरी टाकलेल्या फाइलींवर नावं चुकीची असणं अगदी नेहमीचं आहे, शक्यतो रेकॉर्ड कंपनीच्या अधिकृत चॅनलवरूनच घ्या.

ऐकायची तयारी

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण यात गडबड झाली तर पुढची सगळी तुलना फुकट जाते.

ॲपमधलं क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद करा, शफल बंद करा. का, तर या सिम्फनीत तिसरी मूव्हमेंट न थांबता थेट चौथीत जाते, आणि तो सांधाच पूर्ण सिम्फनीतली सगळ्यात मोठी जागा आहे. तिथे ॲपने मध्ये एक सेकंदाची गॅप टाकली किंवा फुकटच्या प्लॅनमध्ये जाहिरात आली तर सगळं गेलं. ॲपमध्ये गॅपलेस प्लेबॅक असेल तर चालू करा.

आवाज सारखा करून घ्या. माणसाच्या कानाला थोडं मोठं वाजलेलं नेहमी जास्त चांगलं वाटतं, जिवंत वाटतं, हे सगळ्यांनाच होतं. जुनी रेकॉर्डिंग बऱ्याचदा हळू असतात आणि नवीन रीमास्टर मोठी. म्हणून पहिल्या चार स्वरांचा जोर साधारण सारखा येईपर्यंत आवाज हाताने जुळवा, मग पुढे जा. फोनच्या स्पीकरवर ही तुलना करू नका, खालचे स्वर येतच नाहीत, साधे वायरवाले हेडफोन पण चालतात.

स्कोअर (कागदावर लिहिलेलं संगीत) वाचता येत नसेल तरी काही अडत नाही. येत असेल तर बीथोव्हेनचा पूर्ण स्कोअर नेटवर कायदेशीरपणे फुकट मिळतो, कॉपीराइट केव्हाच संपलाय. मी खाली बार म्हणतोय ते स्कोअरमधले, म्हणजे तालाचे छोटे खंड, पण कानाने पण सगळं सापडेल.

पहिली जागा: सुरुवातीचे दोन थांबे

चार स्वर, थांबा, परत चार स्वर, थांबा. ऐकताना वाटतं अख्खा ऑर्केस्ट्रा तुटून पडलाय, खरं तर तिथे फक्त तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट आहेत. बीथोव्हेनने दुसरा थांबा पहिल्यापेक्षा एक बार लांब लिहिलाय. आता चारही रेकॉर्डिंगमध्ये एवढंच ऐका, दहा-बारा सेकंद. दुसरा थांबा खरंच लांब आहे का? पहिले तीन स्वर पुढच्याच लयीत आहेत की मुद्दाम जड, वेगळे काढलेत? फुर्टव्हेंगलर इथे दरवाजा ठोठावल्यासारखं वेगळं काढतात आणि मग मूव्हमेंट सुरू होते असं वाटतं, गार्डिनर मात्र पहिल्या स्वरापासूनच पळायला लागलेले असतात, थांबे येतात आणि लगेच सुटतात. एकाने या चार स्वरांकडे मथळा म्हणून बघितलंय, दुसऱ्याने पहिलं वाक्य म्हणून, आणि त्यातूनच पुढच्या अर्ध्या तासाचा स्वभाव ठरतो.

लगेच पुढे, थांब्यांनंतर, तोच तुकडा हळू आवाजात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आधी दुसरी व्हायोलिन, मग व्हायोला, मग पहिली व्हायोलिन. हेडफोन लावून ऐका. क्लायबर आणि क्लेम्पेरर दोघेही पहिली व्हायोलिन डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवायचे, म्हणून तो तुकडा उजवीकडून निघून डावीकडे जातो. कारायानकडे दोन्ही डावीकडेच, मग आवाज मोठा एकसंध येतो पण ही देवाणघेवाण हरवते. फुर्टव्हेंगलरचं मोनो आहे, तिथे हे शोधत बसू नका.

दुसरी जागा: लय, आणि घड्याळावर किती विश्वास ठेवायचा

बीथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या तोपर्यंतच्या आठही सिम्फनींसाठी मेट्रोनोमचे (लय मोजायच्या यंत्राचे) आकडे छापून दिले. पाचवीच्या पहिल्या मूव्हमेंटला मिनिटाला १०८ बार. हे भयंकर वेगवान आहे. किती तरी वर्षं लोक म्हणत होते की त्याचा मेट्रोनोम बिघडलेला असणार, किंवा बहिरेपणामुळे अंदाज चुकला असणार. गार्डिनरसारख्या मंडळींनी जुन्या वाद्यांवर ते आकडे मनावर घेतले आणि दाखवलं की वाजवता येतं, आणि छान पण लागतं. क्लेम्पेरर याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, आणि क्लायबर मध्ये, त्यांची पहिली मूव्हमेंट साडेसात मिनिटांच्या आत संपते.

पण ट्रॅकची लांबी बघून लय ठरवू नका, यात नवखे हमखास फसतात. शेवटच्या मूव्हमेंटच्या पहिल्या भागाला बीथोव्हेनने पुनरावृत्ती लिहिलीय, ती घेतली तर साधारण दोन मिनिटं वाढतात. क्लायबर घेतात, म्हणून त्यांची शेवटची मूव्हमेंट अकरा मिनिटांच्या जवळ जाते, कारायान १९६२ मध्ये घेत नाहीत म्हणून नऊच्या आसपास संपते, आणि नुसते आकडे बघणाऱ्याला वाटतं की क्लायबर हळू आहेत! म्हणून आधी पुनरावृत्ती आहे का ते तपासा.

दुसरं म्हणजे वेग आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम्पेरर हळू आहेत पण ढिले नाहीत, प्रत्येक स्वराला पुढच्या स्वराकडे जायचं असतं, उगाच रेंगाळत नाहीत. याउलट काही वेगवान रेकॉर्डिंग ऐकली की वाटतं नुसती धावपळ चाललीय, कुणाला कशाचं काही पडलेलं नाही. हा फरक मोजता येत नाही, पायाने ठेका धरून बघा, ठेका धरावासा वाटतो की सुटतो यावरून बरंच कळतं.

तिसरी जागा: ओबो

माझी सगळ्यात आवडती. पहिल्या मूव्हमेंटमध्ये सुरुवातीचा भाग परत येतो, सगळं जोरात चाललंय आणि अचानक सगळे थांबतात, एकटा ओबो (सनईच्या जातीचं फुंकवाद्य) एक छोटीशी, मुक्त ओळ वाजवतो. मूव्हमेंटच्या पहिल्या भागाची पुनरावृत्ती धरून साधारण सव्वाचार ते पाच मिनिटांच्या मध्ये कुठेतरी सापडेल. एकच बार आहे, बीथोव्हेनने तिथे आडाज्यो म्हणजे सावकाश असं लिहिलंय.

बाकी मूव्हमेंट एवढी शिस्तबद्ध असताना ही एक ओळ का? त्याचं उत्तर प्रत्येक कंडक्टर आणि त्याचा ओबोवादक मिळून देतात. कुणी ते रडवेलं करतं, कुणी साधं ठेवतं, कुणी लवकर उरकून परत वादळात शिरतं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा ओबो मुळातच वेगळ्या बनावटीचा असतो, आवाज थोडा अणकुचीदार, त्यामुळे क्लायबरकडे ही ओळ एकदम वेगळी उठून दिसते. गार्डिनरकडे जुन्या पद्धतीचा ओबो, कमी कळांचा, जास्त लाकडी. ही एक ओळ चौघांकडून पाठोपाठ चार-पाच वेळा ऐका, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

चौथी जागा: हॉर्न की बसून

ओबोनंतर साधारण अर्ध्या मिनिटाने दुसरी धून येते, तिच्या आधी एक पुकार असतो. मूव्हमेंटच्या पहिल्या भागात हा पुकार हॉर्न वाजवतात, झळाळून. परत येताना मात्र स्कोअरमध्ये तो बसूनला दिलाय. कारण त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते, ठरावीक स्वरच निघायचे, आणि परत येताना पट्टी बदललेली असते, त्यामुळे लावलेल्या नळीवर तो पुकार नीट निघाला नसता. नंतर व्हॉल्व्ह आले, मग कित्येक कंडक्टरांनी विचार केला की बीथोव्हेनला हॉर्नच हवे असणार, आणि त्यांनी बसून काढून हॉर्न घातले किंवा दोन्ही एकत्र वाजवले. गार्डिनर लिहिल्याप्रमाणे बसूनच ठेवतात.

तुमच्याकडच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये काय आहे ते स्वतः ऐकून ठरवा आणि वहीत लिहा, हा उत्तम सराव आहे. माझं मत विचाराल तर बसूनच हवेत. बसूनचा तो जरा दबलेला, घोगरा पुकार ऐकला की कळतं की पहिल्यांदा जो आत्मविश्वास होता तो आता राहिला नाही, आणि मूव्हमेंटचा शेवट एवढा काळोखा का होतो ते पण पटतं. वाद्याच्या मर्यादेतून आलेली गोष्ट असली तरी आता ती संगीताचाच भाग झालीय.

पाचवी जागा: तिसरीतून चौथीत

दुसऱ्या मूव्हमेंटवरून मी पटकन पुढे जातोय, तिथे एकच बघा, सुरुवातीची व्हायोला आणि चेलोंची धून चालती आहे की लोळती. बीथोव्हेनने तिथे आन्दान्ते कोन मोतो लिहिलंय, म्हणजे चाल आणि त्यातही हलती, आणि तरी अनेक जुनी रेकॉर्डिंग तिला प्रार्थनेसारखी संथ करतात.

तिसऱ्या मूव्हमेंटच्या मधल्या भागात चेलो आणि डबल बास एकदम धावायला लागतात, तिथे खालचे स्वर सुटेसुटे ऐकू येतात की नुसती गडगड येते ते तपासा, यात ऑर्केस्ट्राइतकाच हॉलचा आणि रेकॉर्डिंग इंजिनिअरचा पण वाटा असतो. कारायानचं बासष्टचं बर्लिनमधल्या येशू-ख्रिस्त चर्चमध्ये झालंय, आवाजाला तिथला लांब गुंजारव आहे. टोस्कानिनी यांची न्यूयॉर्कच्या रेडिओ स्टुडिओतली जुनी रेकॉर्डिंग त्याच्या उलट एकदम कोरडी, आणि लोक तो कोरडेपणा कंडक्टरच्या खात्यावर टाकतात. खोली कोणाची आणि माणूस कोण हे वेगळं काढायला शिकायला लागतं.

आता सांधा. तिसरी मूव्हमेंट जवळजवळ विझते, तंतुवाद्यं अगदी हळू लांब स्वर धरून ठेवतात आणि टिंपनी ठक ठक करत राहते. बराच वेळ काहीच होत नाही. आवाज वाढवायची खूण बीथोव्हेनने अगदी शेवटच्या काही बारमध्येच दिलीय, आणि मग एकदम सी मेजरमध्ये चौथी मूव्हमेंट फुटते, तीन ट्रॉम्बोन, पिकोलो (छोटी बासरी) आणि कॉन्ट्राबसून (बसूनपेक्षाही खालचा), जे आतापर्यंत गप्प बसलेले असतात, तिथे पहिल्यांदा वाजतात. सगळी परीक्षा इथे आहे. कंडक्टरला धीर धरवतो का? बरेच जण आधीच आवाज वाढवायला लागतात आणि मग फुटायला काही उरत नाही. टिंपनी ऐकू येते की नुसती जाणवते? चौथी सुरू होताना लय तीच पुढे नेलीय की रुंद केलीय? फुर्टव्हेंगलरचं १९४७ चं इथे ऐकताना, कोण वाजवतंय, कुठल्या शहरात, कधी, हे माहीत असलेल्या माणसाला कोरडं बसणं अवघड आहे, आणि शेवटचा प्रेस्तो (खूप वेगाचा तुकडा) तर ते जवळजवळ कड्यावरून लोटतात. क्लायबरकडे हाच सांधा जास्त घट्ट, जास्त काटेकोर आहे. दोन्ही मला हवेत, एकमेकांऐवजी चालत नाहीत.

लिहून ठेवा, आणि नाव न बघता ऐका

वहीत प्रत्येक रेकॉर्डिंगला एक पान द्या आणि पाच जागांसमोर एक-एक ओळ लिहा. "सुंदर", "अप्रतिम" असले शब्द लिहू नका, नंतर वाचताना त्यातून काही कळत नाही. "दुसरा थांबा लांब, नंतर श्वास घेतला", "ओबो सरळ, अजिबात रेंगाळला नाही", असं लिहा.

आठवडाभर झाला की घरातल्या कुणाला तरी सांगा की चारपैकी कुठलंही लाव, नाव सांगू नको, आणि सुरुवातीचं एक मिनिट ऐकून ओळखा. मोठ्या नावाचा दबाव खूप असतो, क्लायबर म्हटलं की कान आधीच माना डोलवायला लागतात. नाव झाकलं की काही जणांना क्लेम्पेरर जास्त भावतो, आणि तो त्यांचा खरा कौल असतो.

एका बैठकीत पूर्ण चार सिम्फनी ऐकू नका, तिसऱ्यानंतर कान थकतो आणि मग जे हळू आहे ते कंटाळवाणं वाटायला लागतं. एका बैठकीत एक जागा, चारही रेकॉर्डिंगमधून, पंधरा-वीस मिनिटं. आणि रविवारी निवांत एक पूर्ण, वही बंद करून.

पाचवी झाल्यावर मोझार्टची चाळिसावी घ्या, १७८८ ची. तिथे शोधायची गोष्ट तयारच आहे, मोझार्टने तिच्या दोन आवृत्त्या केल्या, आधीची क्लॅरिनेटशिवाय आणि नंतरची क्लॅरिनेट घालून, आणि कंडक्टरला एक निवडावी लागते. त्यानंतर ब्राम्सची चौथी, जिची क्लायबरने व्हिएन्नाबरोबर १९८० मध्ये केलेली रेकॉर्डिंग ऐकाच.

मुंबईत किंवा जवळपास असाल तर प्रत्यक्ष पण ऐका. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ मध्ये सुरू झालेला, त्यांचे सीझन असतात आणि बीथोव्हेन अधूनमधून लागतो. जमलं तर बाल्कनीत बसा, तिथून पूर्ण ऑर्केस्ट्रा दिसतो. सुरू व्हायच्या आधी दुसरी व्हायोलिन कुठे बसलीत आणि टिंपनीवाल्याने कुठल्या काठ्या काढल्यात एवढं बघून ठेवा, म्हणजे घरी हेडफोनवर जे कानाने शोधत होतात ते तिथे डोळ्यांनी पण धरता येईल.